लॉबीतले मासे : इन टाइम, आउट टाइम

रविवार, 9 फेब्रुवारी 2025

कमिटीच्या मीटिंगमध्ये फिशटँकचा विषय निघाला आणि फिरून माझ्याच गळ्यात पडला. खजिनदाराच्या नशिबात असलंच येतं. तक्रार जुनीच: टाकीवर दरवर्षी पैसे जातात, मासे मरतात, नवे आणतो, तेही मरतात. नेरूळमधल्या आमच्या 56 फ्लॅटच्या सोसायटीत लिफ्टच्या एएमसीवरून (वर्षाच्या देखभाल करारावरून) जेवढा वाद होत नाही, तेवढा या चार फुटी काचेच्या पेटीवरून होतो. अध्यक्ष म्हणाले, बंद करा आणि तिथे गणपतीची फ्रेम लावू. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, सकाळी शाळेच्या बसची वाट बघत पोरं तिथेच उभी असतात, टाकी हलवायची नाही. शेवटी ठरलं की खजिनदारांनी जूनपर्यंत हिशेब मांडावा, मग बघू.

मी विचारलं, "मासा किती जगला म्हणजे पैसे वसूल?" कोणालाच सांगता येईना. सेक्रेटरी म्हणाले, "दुकानदार म्हणतो, दोन-तीन महिने निघाले तर चांगलं." म्हणजे भाजीपाल्यासारखं. पटलं नाही, पण माझ्याकडेही दुसरा आकडा नव्हता. म्हणून ही वही.

बुधवार, 12 फेब्रुवारी

ड्युटीवरून आल्यावर व्हाउचरच्या फाइली काढल्या. एप्रिल 2022 पासूनच्या सलग मिळाल्या. त्याआधीच्या दोन फाइलींना वाळवी लागलेली.

एप्रिल 2022 ते जानेवारी 2025 या काळात 11 वेळा मासे आणले, एकूण 94. गोल्डफिश 38, काळ्या मॉली 26, एंजल 14, निऑन टेट्रा 16. आज टाकीत मोजले तर गोल्डफिश 4, मॉली 3, एंजल 2. निऑन एकही नाही. शिवाय तळाशी तो दांडगा काळपट सकर, काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, जो या 94 मध्ये कुठेच नाही.

वाळवीच्या फाइलीत एक अर्धवट कागद वाचता आला: 2016, "सकर 2 नग, 60 रुपये". त्यानंतर सकरची खरेदी कुठेच नाही. म्हणजे लॉबीत सगळ्यांत जुना कोण, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. नऊ वर्षांत त्याच्यावर तीस रुपये खर्च झालेत.

रविवार, 16 फेब्रुवारी

आणले कधी हे कळलं. मेले कधी हे कुठून कळणार?

गेटवर सहज मामांना विचारलं. वॉचमनमामा आमच्याकडे बारा वर्षं आहेत. म्हणाले, "साहेब, लिहिलंय की." आणि व्हिजिटर रजिस्टरचा गठ्ठा पुढे केला. सकाळी मेलेला मासा जाळीने काढायचं काम त्यांच्याकडे. एकदा कोणी तरी "मासा चोरीला गेला" म्हणून बोंब मारली, तेव्हापासून ते प्रत्येक मासा लिहून ठेवतात. वेगळी वही कोण देणार? म्हणून व्हिजिटरच्याच रजिस्टरमध्ये. नाव: "लाल मासा, नवा". कोणाकडे: "टाकी". मोबाइल नंबरच्या रकान्यात आडवी रेघ. इन टाइम कोरा. आउट टाइम: 7.10. सहीच्या जागी मामांची सही.

कुरिअरवाले, गॅसवाले, ट्यूशनच्या मॅडम आणि त्यांच्या मधेच "काळा मासा, जुना". तीन तास तिथेच खुर्ची टाकून उतरवून घेतलं. 71 नोंदी निघाल्या: गोल्डफिश 34, मॉली 23, एंजल 12, निऑन 2.

94 मधून 71 गेले आणि 9 हयात, म्हणजे 14 बेपत्ता. हे सगळे निऑन. एंजल आणि निऑन दोघेही मूळचे ॲमेझॉनकडचे आणि तिथेही मोठा एंजल निऑनला खाऊच समजतो. आपण एकाच पिशवीतून आणून एकाच टाकीत सोडले. त्यांचं शव मिळणार कुठून? आउट टाइम नाही.

शुक्रवार, 21 फेब्रुवारी

मासा किती जगायला हवा, हे आठवडाभर वाचलं. नीट ठेवलेला निऑन पाच वर्षं किंवा थोडा जास्त. मॉली तीन ते पाच. फायटर दोन ते चार, आणि दुकानात येतो तेव्हाच तो सहा महिन्यांपुढे गेलेला असतो. एंजल दहाच्या आसपास. ऑस्कर दहा ते पंधरा. आमचा सकर ज्या जातीचा, ती दहा-पंधरा वर्षं आरामात काढते.

आणि गोल्डफिश? ज्याला आपण सगळ्यांत नाजूक, आज आणला उद्या गेला असं धरतो, तो दहा-पंधरा वर्षं सहज आणि पुढेही जगतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश होता, 1956 साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला. 1999 साली गेला, 43 वर्षांचा होऊन. गिनेस बुकात त्याची नोंद आहे. जत्रेतून पिशवीत घालून आणलेला मासा! आपल्याकडे असल्या पिशवीतला मासा घरी पोहोचेपर्यंतच आडवा होतो.

तेव्हा दुकानदाराचे दोन-तीन महिने हे माशाचं आयुष्य नाही, ती त्याच्या दुकानाची वॉरंटी आहे.

उद्या टाकीची त्रैमासिक धुलाई आहे. जाता जाता एका बाटलीत टाकीचं पाणी भरून घेतलं. सवय, दुसरं काय. गेली एकोणीस वर्षं टीटीसीच्या कारखानी पट्ट्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर काढलीत, कुठलंही पाणी दिसलं की सॅम्पल घ्यावंसं वाटतं.

शनिवार, 1 मार्च

व्हाउचर आणि रजिस्टर शेजारी ठेवून तारखा जुळवल्या.

आधी सरासरी काढली. मेलेला मासा टाकीत सरासरी 77 दिवस राहिला. सेक्रेटरी खूश झाले असते, दुकानदाराचा आकडा बरोबर निघाला म्हणून. पण 60 ते 90 दिवसांच्या दरम्यान मेलेला एकही मासा यादीत नाही! एक तर पहिल्या तीन आठवड्यांत गेला, नाही तर तीन महिने ओलांडून गेला. एकाचं डोकं तापलेलं आणि एकाचे पाय गारठलेले, म्हणून सरासरी तब्येत उत्तम, तसला हा आकडा.

मग दुसरी यादी केली. धुलाईचे वेगळे 800 रुपये द्यावे लागतात, त्यामुळे तिच्याही तारखा व्हाउचरवर आहेत. एप्रिल 2022 पासून जानेवारीअखेर 11 धुलाया. नवे मासे 11 वेळा आणले, त्यांतले 9 वेळा धुलाईच्याच दिवशी, कारण धुणारा येतानाच घेऊन येतो. 71 मरणांपैकी 49 धुलाईनंतरच्या तीन आठवड्यांत. तेरा आठवड्यांतले तीनच आठवडे ते. मरणं सारखी विखुरलेली असती तर सोळा-सतरा यायला हवी होती. 49 मध्ये 41 नवे, 8 जुने. नवा-जुना लिहायची अक्कल मामांना होती म्हणून हे कळलं.

आणि गेल्या शनिवारची धुलाई? कमिटीने खरेदी थांबवली होती, त्यामुळे नवे मासे नव्हते. तरी गुरुवारी एक मॉली गेली, काल एक गोल्डफिश. दोन्ही "जुना".

आज टाकीचं पाणी पुन्हा बाटलीत घेतलं.

सोमवार, 3 मार्च

साहेबांना विचारून दोन्ही बाटल्या प्लांटच्या लॅबमध्ये लावल्या. नेस्लर हे रसायन टाकलं की अमोनियाने पाणी पिवळं होतं, जितका गर्द पिवळा तितका अमोनिया जास्त. त्यात पारा असतो, म्हणून ही टेस्ट घरी करायची नाही. धुलाईच्या आदल्या दिवशीची बाटली अगदी फिकट: लिटरला 0.2 मिलिग्रॅम. धुलाईनंतर आठवड्याने: 2.6. दुसरी नळी सरबतासारखी दिसत होती. पीएच आधी 6.7, नंतर 7.8.

लॅबमधला पोरगा म्हणाला, "सर, हे कुठल्या इनलेटचं?" मी म्हटलं, लॉबीचं.

खरं तर मला लाज वाटली. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर बसलेले जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी, थोडं पाणी बदललं की जातो. हेच तर प्लांटवर माझ्या एरेशन टँकमध्ये, सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीत, रोज चालतं! हे जिवाणू फार सुस्त. बाकीचे वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना एक दिवस लागतो. प्लांटवर ते एकदा मेले की पुन्हा बसायला महिना जातो, त्या महिन्यात आम्ही कोणाला झोपू देत नाही. आणि इथे रोज सकाळ-संध्याकाळ त्या टाकीसमोर उभा राहून मी लिफ्टची वाट बघत होतो.

पीएचचा भाग आणखी वाईट. अमोनियाचा विषारी भाग पीएच 7 ला जेमतेम अर्धा टक्का असतो, 8 ला पाच टक्क्यांवर जातो. पाणी जितकं गरम तितका आणखी. धुलाईने एका दुपारी जिवाणू धुऊन काढले आणि पीएचही वर नेला. म्हणजे अमोनिया वाढवला आणि त्याला धारही लावून दिली.

रविवार, 9 मार्च

टाकीवाल्याला बोलावलं. तुर्भ्याहून येतो, तिशीतला, हाताला चटपटीत. धुलाई कशी करतोस ते सांग म्हटलं. सगळे मासे बादलीत, पाणी पूर्ण काढायचं, खडी टेरेसवर नेऊन धुवायची आणि उन्हात वाळवायची, स्पंज नळाखाली चोळून पांढरा करायचा, काच पावडरने घासायची, नळाचं पाणी भरायचं, वर निळं औषध दोन झाकणं. दोन तासांत टाकी आरशासारखी.

मी जिवाणूंचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "साहेब, मला माहितेय स्पंज नळाखाली धुवायचा नसतो. माझ्या घरच्या टाकीचा मी नाही धूत. पण इथे पाणी जरा पिवळट दिसलं की तुमच्याच लोकांचा फोन येतो, पैसे कापतात. मला काच चमकवायचे पैसे मिळतात, मासे जगवायचे नाही."

यावर काय बोलणार? जुनी व्हाउचर पुन्हा पाहिली. कामाच्या वर्णनात दर वेळी एकच ओळ: "फिशटँक स्वच्छता". बरोबरच आहे त्याचं.

नवा ठराव तोंडी केला, पैसे तेवढेच. धुलाई बंद. दर रविवारी पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, खडीतली घाण नळीने ओढायची, स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, तोही महिन्यातून एकदा. निळं औषध नाही. पाण्याला थोडा रंग राहिला तर राहू दे, फोन माझ्याकडे येतील.

शनिवार, 15 मार्च

विरजण लावलं. बी विंगमधल्या बारावीच्या मुलाची टाकी तीन वर्षं न धुता चाललीय. त्याचा स्पंज आमच्या टाकीत पिळला. पाणी गढूळ चहासारखं झालं. नेमके अध्यक्ष लिफ्टमधून उतरले, बघून काही न बोलता गेले. संध्याकाळपर्यंत निवळलं.

मोरबे धरणाचं पाणी आपल्याकडे चांगलं आणि मऊ येतं, पण नळाला क्लोरीन ठेवावंच लागतं, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम. माणसाला ते हवंच, कल्ल्यांना आणि जिवाणूंना मात्र सोसत नाही. बादल्या रात्रभर उघड्या ठेवून बघितलं, क्लोरीन उडतं, पण पोरं त्यात हात घालतात आणि एकाने क्रिकेटचा बॉल धुतला. म्हणून हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे. एका मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. मामांना रोजची भाषा करून दिली: एका बादलीला दोन खडे.

शनिवार, 22 मार्च

अमोनिया 0.8.

रविवार, 30 मार्च, गुढीपाडवा

अमोनिया 0.2, नायट्राइट उतरणीला. आज पाणी बदललं नाही, सगळे शोभायात्रेला. एक फोन आला: "टाकी हिरवी दिसतेय, सणाच्या दिवशी तरी..." काचेवर शेवाळ धरलंय हे खरं. पुढची काच तेवढी पुसली. मागची सकरला ठेवली.

रविवार, 13 एप्रिल

मोठा एंजल गेला. पाणी ठीक, बाकीचे मासे ठीक. त्याची शेपटी बरेच महिने कुरतडलेली होती. व्हाउचरप्रमाणे ऑगस्ट 2023 चा, म्हणजे आपल्याकडे वीस महिने. त्याआधी दुकानात आणि पैदाशीच्या हौदात किती, ते तोच जाणे. एंजलच्या मानाने ऐन उमेदीत गेला म्हणायचा.

मामांनी आउट टाइम लिहिलं, 6.55. मार्चपासूनची पहिली नोंद.

खाण्यावर पाटी लावली. टाकीत सापडलेल्या वस्तू: पोळीचा तुकडा, मारी बिस्किट, शेव, एक मनुका. सुट्टी लागली की पोरं दिवसभर लॉबीत असतात. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं पाटीवर लिहिलंय, त्याने फरक पडला. "कृपया खाऊ घालू नये" लिहून चार वर्षं पडला नव्हता.

रविवार, 4 मे

दुपारी तीनला टाकीचं पाणी 32 अंश. मॉली मजेत, उरलेला एंजल मजेत. गोल्डफिश तिन्ही वर येऊन तोंड वाजवताहेत.

गोल्डफिश थंड पाण्याचा प्राणी. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी कार्पच्या कुळातून वेचून वेचून वाढवलेला, अठरा-बावीस अंशांत सुखी, हिवाळ्यात बर्फाखालीही तग धरतो. मॉली आणि एंजलला जे पाणी कोमट, ते याला तापासारखं. माशाचं रक्त पाण्याएवढंच गरम असतं. पाणी तापलं की त्याचं पचन, श्वास, वाढ सगळं धावायला लागतं. शिवाय गरम पाण्यात हवा कमी मावते: 20 अंशांना लिटरमध्ये 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 ला साडेसात. गरज वाढली आणि पुरवठा घटला. टिश एवढा जगला त्यात इंग्लंडच्या थंडीचाही वाटा असणार, असं माझं मत.

क्लब हाउसच्या मागे कमळाची सिमेंटची टाकी आहे, खोल, आंब्याच्या सावलीत. तिथे पाणी 27. तिन्ही गोल्डफिश बादलीतून तिकडे नेले. आधी पिशवीत घालून अर्धा तास तरंगत ठेवले, मग थोडं थोडं तिथलं पाणी मिसळलं.

त्या टाकीत पालिकेच्या मलेरिया विभागाने डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडले होते, आठ वर्षं झाली. गप्पी जेमतेम दोन वर्षं जगतो. आजही टाकी गप्प्यांनी भरलेली आहे. त्यांच्यावर एक पैसा खर्च नाही, व्हाउचर नाही.

रविवार, 11 मे

माझी चूक. जाळी टाकायला हवी होती.

सकाळी मामांनी कठड्यावर बगळा पाहिला, मातकट रंगाचा, तो ढोकरी. हुसकावेपर्यंत उशीर झाला. एक गोल्डफिश कमी. एप्रिल 2022 च्या पहिल्याच बॅचचा, शेपटीवर पांढरा डाग असलेला. 34 जण ज्यात गेले त्या अकरा धुलायांतून, आणि बाराव्यातूनही, तो वाचला होता. आठवडाभर माझ्या शास्त्रशुद्ध व्यवस्थेत राहिला आणि गेला.

रजिस्टर बघितलं. नाव: "लाल मासा, जुना". कोणाकडे: "कमळाची टाकी". शेरा: "बगळा घेऊन गेला". आउट टाइम 6.20.

नायलॉनची जाळी दुपारी बसवली. पैसे माझ्या खिशातून दिले, व्हाउचर केलं नाही.

रविवार, 18 मे

सकरवरून भांडण. टाकीत सहा मासे होते तेव्हा तो खपून जायचा. आता एक एंजल, दोन मॉली आणि हा, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. पट्टी लावून मोजला, काचेवरून 31 सेंटीमीटर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात पालीसारखा दिसतो. एक सूचना आली की ज्वेलच्या तळ्यात सोडून द्या, बिचारा मोकळा होईल.

याला मी सभेचं रूप येऊ दिलं नाही, तिथल्या तिथे नाही म्हटलं. ज्वेलचं तळं म्हणजे सिडकोने भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी सांभाळायला केलेला धारण तलाव, खाडीशी जोडलेला. तिथे तो एक तर खाऱ्या पाण्याने मरेल. आणि गोड्या पाण्यात सोडला तर मरणारच नाही, ती जास्त काळजी. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो असाच कोणाच्या तरी दयेने पोहोचलाय आणि कोळ्यांची जाळी फाडतोय. पाण्यातला ऑक्सिजन संपला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. इतक्या वर्षांच्या धुलायांतून हा कसा उरला, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे.

बारावीच्या मुलाने विचारलं, "काका, याचं खरं वय कसं कळेल?" खवल्यांवर आणि कानातल्या खड्यावर झाडासारखी वर्तुळं पडतात, थंड देशात हिवाळ्यात वाढ थांबते म्हणून ती स्पष्ट असतात. आपल्याकडे बारा महिने उकाडा, वर्तुळं पुसट. सकरला तर नेहमीसारखे खवलेही नाहीत, हाडाचं चिलखत आहे. आणि कानातला खडा बघायचा तर मासा मारावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात मेथुसेलाह नावाची ऑस्ट्रेलियन लंगफिश आहे, 1938 साली तिथे आली. तिथेही तेच कोडं: आली कधी हे माहीत, जन्मली कधी हे नाही. शेवटी पराचा बारीकसा तुकडा घेऊन डीएनएवरून हिशेब केला, 2023 साली उत्तर आलं: 92 च्या आसपास. शिकागोच्या मत्स्यालयात तिचा एक जातभाई 1933 पासून होता, तो 2017 साली गेला.

मुलगा म्हणाला, म्हणजे सगळे मासे आपल्याकडे अर्धवट वयाचेच येतात. ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आमच्या 94 मध्ये एकाचीही जन्मतारीख नाही. मी जे मोजतोय ते आयुष्य नाहीच, भाडेकराराचा कालावधी आहे.

सोमवार, 26 मे

पाऊस. मेमध्येच! रात्री वीज गेली, साडेतीन तास. जनरेटर लिफ्टला आणि पंपाला आहे, टाकीला नाही. बॅटरीचा एअर पंप गेल्या महिन्यात घेतला होता, तो लावला. हे आधी सुचलं नसतं तर स्पंजमधले जिवाणू गुदमरले असते. त्यांना माशांपेक्षा आधी हवा लागते, हे प्लांटवर ब्लोअर ट्रिप झाला की दर वेळी कळतं.

अंधारात टॉर्च घेऊन बसलो होतो. मामा पलीकडे खुर्चीवर. त्यांना त्या आफ्रिकेतल्या किलीफिशचं सांगितलं: झिम्बाब्वे-मोझांबिककडच्या पावसाळी डबक्यात पावसाबरोबर जन्मते, काही आठवड्यांत वयात येते, चार-सहा महिन्यांत म्हातारी होऊन मरते. डबकं आटतं, अंडी मात्र सुक्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत राहतात. म्हातारपणाचा अभ्यास करणारे लोक मुद्दाम तीच पाळतात, निकाल लवकर लागतो म्हणून. मामा म्हणाले, "आमच्या शेतातल्या बेडकांसारखंच झालं की." मग गावी पेरणीला सुट्टी कधी मिळेल ते विचारलं.

रविवार, 8 जून

सभेत हिशेब मांडला. 34 महिन्यांत 71 मरणं, त्यानंतर फेब्रुवारीच्या धुलाईत दोन. नवी पद्धत सुरू झाल्यापासून टाकीत एक आणि बगळ्याने नेलेला एक. खरेदी शून्य. अध्यक्ष म्हणाले, चारच मासे उरलेत, मरणार कोण? हा मुद्दा बरोबर आहे, मी मिनिट्समध्ये घेतला. तीन महिन्यांच्या हिशेबावरून पंधरा वर्षांच्या माशाबद्दल छाती ठोकून बोलता येत नाही.

ठरलं: टाकी राहणार. कामाच्या वर्णनात "स्वच्छता" काढून "देखभाल" लिहायचं. नवे मासे दिवाळीपर्यंत नाहीत आणि आणले तर आधी तीन आठवडे वेगळ्या टबात. गोल्डफिश लॉबीत पुन्हा नाही. गणपतीची फ्रेम टाकीच्या वर लागली, त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता.

रविवार, 15 जून

सकाळी पावणेसातला इंटरकॉम वाजला. मामा. "साहेब, खाली या. टाकीत काहीतरी हलतंय."

स्पंजच्या मागे, काच आणि पाइप यांच्या फटीत, काळे ठिपके. ठिपक्यांना डोळे. मॉली अंडी घालत नाही, पिल्लंच टाकते. मोठी मॉली गेले आठ दिवस चौकोनी दिसत होती, मी अजीर्ण समजलो होतो. टाकीत नर नाही, पण मॉलीला एकदा नर भेटला की ती पुढचे काही महिने त्याच्याशिवाय पिल्लं देऊ शकते. एंजल खालून वर, वरून खाली फेऱ्या मारत होता, पोट टम्म. किती खाल्ली देव जाणे. चमचा आणि चहाची गाळणी घेऊन चाळीस मिनिटांत पाच मिळाली. आइस्क्रीमच्या पारदर्शक डब्याला भोकं पाडून तो आतच तरंगत ठेवला, पाणी तेच राहावं म्हणून.

शाळा आजपासून नाही, उद्यापासून, तरी पोरं जमली. कोणी तरी नावं ठेवायला सुरुवात केली, मी थांबवली. महिनाभर थांबा म्हटलं.

वर येताना गेटवर मामांनी रजिस्टर पुढे केलं. इतकी वर्षं कोरा सोडलेला रकाना त्यांनी स्वतःच भरला होता. नाव: "काळा मासा, 5 नग". कोणाकडे: "टाकी". इन टाइम: 6.40. आउट टाइमच्या जागी पेन टेकवून ते माझ्याकडे बघत होते.

"ते राहू दे," मी म्हटलं.